वळणाच्या आधी सांगायचं

माझा धंदा गाड्यांना नावं ठेवण्याचा आहे. पंधरा वर्षं मी एका मासिकात गाड्यांची परीक्षणं लिहितेय. कंपनी दोन दिवसांसाठी नवी गाडी देते, मी ती चालवते आणि मग दार लावताना आवाज कसा येतो इथपासून मागच्या सीटवर गुडघे कुठे टेकतात इथपर्यंत सगळं लिहून काढते. लोक म्हणतात, मजेचं काम आहे. आहेही. पण खोट काढायची सवय एकदा लागली की ती ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. माझा संसार चार वर्षांत आटोपला, त्याचं निम्मं श्रेय मी या सवयीला देते.

यंदा संपादकांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. एकाच गाडीच्या चार पिढ्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघायच्या. गाडी मुळात रॅलीसाठी जन्मलेली. रॅली म्हणजे रहदारीला बंद केलेल्या डोंगरी रस्त्यावर घड्याळाशी लावलेली शर्यत. त्या काळी नियम असा होता, की कंपनीला शर्यतीत उतरायचं असेल तर तशीच गाडी ठरावीक संख्येनं बाजारातही विकली पाहिजे. कंपनीनं नाइलाजानं ती साध्या माणसांना विकली आणि साधी माणसं तिच्यापायी वेडी झाली. मग चाळीस वर्षांत चार पिढ्या निघाल्या. कंपनी त्यांना आकड्यांनी ओळखते. आमच्या घरात त्यांची नावं थोरली, मधली, तिसरी आणि धाकटी.

घरात नावं पडायचं कारण, बाबांनी थोरली अकरा वर्षं रॅलीत चालवली. आई त्यांची नॅव्हिगेटर. म्हणजे शेजारच्या सीटवर वही घेऊन बसायचं आणि पुढचं वळण येण्याआधी ते कसं आहे हे सांगायचं. डावं की उजवं, किती वळतं, पुढे किती मीटर सरळ. ड्रायव्हर वळण दिसण्याची वाट बघत नाही. कानावर शब्द पडला की तो त्या शब्दावर गाडी टाकतो. आईच्या वहीत आकडा एक म्हणजे जवळजवळ सरळ, बिनधास्त जा. सहा म्हणजे पार मागे वळणारं. 'आवळतं' म्हणजे पुढे आणखी घट्ट होणारं, 'कापू नको' म्हणजे वळणाची आतली कड सोडून जा. आता हा हिशेब उलटा झालाय. हल्ली एक म्हणजे सगळ्यात अवघड वळण आणि सहा म्हणजे सरळ. मी कामापुरती शिकले ते हल्लीचं.

आईच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती. घरी ती बाबांना 'अहो' म्हणते, 'तुम्ही' म्हणूनच बोलते. गाडीत मात्र लग्नानंतरच्या पहिल्या रॅलीपासून 'तू'. दाब. सोड. थांब. कापू नको. "तिथे मान द्यायला वेळ नसतो," ती म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया गाडीत बसल्या की नवऱ्याला एकेरीवर येतात.

संपादकांचं म्हणणं, चारही गाड्या माझ्या बाबांनीच चालवायच्या. ज्यानं थोरलीला रॅलीत पळवलं, त्याच्या तोंडून तिच्या नाती-पणतींचं कौतुक ऐकायचं. मी मागे बसून लिहायचं. वाचकांना असलं काही फार आवडतं. मी एरवी नाक मुरडलं असतं, पण या वेळी लगेच हो म्हटलं, कारण मला बाबांना चालवताना बघायचंच होतं. बाबांना नीट दिसत नाही, असा मला संशय होता.

वर्षभरात आमच्या फाटकाचा खांब दोनदा बांधून झाला होता. आई म्हणाली, पाण्याच्या टँकरनं ठोकला. दुसऱ्यांदाही टँकरनंच. बाबांनी वर्तमानपत्र बंद केलं, म्हणे वाचण्यासारखं काही नसतं. मागच्या महिन्यात मी माझ्या लेखाचं पान त्यांच्या हातात दिलं, तर म्हणाले, चष्मा वर राहिलाय. चष्मा त्यांच्या खिशातच होता. आईला विचारलं, तर ती एकदम भांडी आवरायला लागली. आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या लायसन्सची मुदत संपत होती. दिसत नसेल तर त्यांच्या हातून किल्ली काढून घ्यायची, हे मी ठरवून टाकलं होतं. बाबा एकाहत्तर वर्षांचे. गाडी सोडली तर त्यांना दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. त्यामुळे ठरवताना जिवावर आलं, पण ठरवलं.

आता हे खरंय, की ज्याच्या डोळ्यांबद्दल शंका आहे त्याच्या हाती मी लोकांच्या गाड्या देत होते. मी मनाशी म्हटलं, रस्ता बंद आहे, समोरून कुणी येणार नाही, मी गाडीत आहे. माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

रस्ता जुन्या रॅलीतलाच, नऊ किलोमीटरचा घाट. दुपारी एकपर्यंत दोन्ही टोकांना अडथळे लावून बंद करून घेतला होता. मी धाकटी घेऊन पोचले तेव्हा आईबाबा थोरली घेऊन आधीच आले होते. घरापासून वीस किलोमीटर त्यांनी ती चालवत आणली होती. मधली एका दातांच्या डॉक्टरांची. ते तिच्या चाकांच्या फटी कान साफ करायच्या काडीनं पुसत उभे होते. तिसरी आमच्या जाहिरात विभागातल्या माणसानं दिली होती. तो स्वतः आला नाही, बघवणार नाही म्हणाला; ती फोटोग्राफर घेऊन आला. फोटोग्राफर एका वळणावरून दुसऱ्या वळणावर तिपाई घेऊन फिरत होता.

सुरुवात धाकटीपासून केली. आई न विचारता पुढे बाबांच्या शेजारी बसली, मी मागे.

धाकटीचं वजन सोळाशे किलो. थोरली हजाराच्या आत होती. या वाढीव सहाशे किलोंत काय काय आहे याची यादी कंपनीच्या पुस्तकात चार पानं भरते. ताकद थोरलीच्या दुप्पट, पण ती अंगावर येत नाही. इंजिनाचा आवाज फार दबतो, म्हणून कंपनी तो स्पीकरमधून ऐकवते. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग हाताला हलकेच ढकलतं, पुढे काही आलं की गाडी आपणहून वेग कमी करते. बाबांनी तिला पहिल्या दोन किलोमीटरांतच जोखलं. "ही चालवायची नसते, हिला विनंती करायची असते," ते म्हणाले. मी ते लिहून घेतलं. त्यांनी गाडी व्यवस्थित नेली. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, पण चूक त्यांची आणि दुरुस्ती गाडीची असं काही होत असेल तर ते मला मागून कळण्यासारखं नव्हतं. या गाडीत आंधळासुद्धा बरा ड्रायव्हर ठरला असता.

आणि आई बोलत होती. हळू, ओठांतल्या ओठांत. "डावं दोन, साठ. उजवं चार, आवळतं. थांब, थांब, आता दाब." वही मिटून मांडीवर. मला मजा वाटली. मी लिहिलं, 'आई अजून नोट्स सांगते.' लेखाला एक गोड ओळ मिळाली म्हणून मी खूश झाले.

तिसरीबद्दल चांगलं लिहायचं तर खूप शोधावं लागतं. ती आली तोवर कंपनीनं रॅली सोडली होती. नाव तेच, बाकी घराणं बुडालेलं. चार दारं, गुबगुबीत सीटा आणि इंजिनात हवा कोंबणारा एक टर्बो, जो पाय दाबल्यावर विचारात पडतो आणि वळण संपता संपता होकार देतो. बाबा तिच्यावर वैतागले. सातव्या किलोमीटरला ती उताराच्या वळणावर बाहेर सरकली, तशी त्यांनी ती काही न बोलता परत आत ओढली. हात त्यांचे अजून फार सुंदर चालतात. आईचं बोलणं या गाडीत जरा भराभर होतं. एकदा ती म्हणाली, "दगड, डावीकडे," आणि बाबा उजवीकडून गेले. दगड खरंच होता, नारळाएवढा. मला तो आईच्या आधी दिसला होता. बाबांना दिसला का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी टर्बोबद्दल लिहीत होते.

मधलीत मागची सीट नावाला आहे. मी तिच्यात आडवी होऊन, पाय छातीशी घेऊन बसले आणि डॉक्टरांनी बाहेरून तीनदा सांगितलं की बुटांचं जरा बघा. ही चौघींतली देखणी. मागे भलामोठा पंख, बॉनेटवर हवेसाठी नाकपुडी. स्टिअरिंग हलकं झालं, पण मुकं झालं नाही. इंजिन चिडकं आहे, कमी वेगात झोपतं आणि मग एकदम उठून बसतं. बाबा पहिल्यांदा हसले. बंगल्यात राहायला गेलेली, पण चाळ न विसरलेली, असं त्यांनी तिचं वर्णन केलं. आई बोलत होती, बाबा जात होते, आणि दोघांच्या मध्ये मला कुठे फटच दिसेना. तिचा शब्द, त्यांचा हात. घरी हीच दोन माणसं मीठ मागायलाही अर्धं वाक्य वापरतात.

तीन गाड्या झाल्या आणि मी निकाल देऊन टाकला. दिसतंय त्यांना. वय झालंय, विसरतात, खांबाला टँकरच लागला असेल. मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरांच्या डब्यातली दोन बिस्किटं खाल्ली.

थोरलीत मागची सीट नाही. रॅलीसाठी काढली ती पुन्हा बसवलीच नाही. तिथे, गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून, लोखंडी नळ्यांचा पिंजरा आहे. म्हणजे चौथ्या फेरीला मला बसायचं तर आईच्या जागी. आई म्हणाली, मीच जाते, तुला नंतर सगळं सांगते. मी म्हटलं, ऐकीव गोष्टीवर परीक्षण लिहिता येत नाही. मग ती म्हणाली, तुला त्या गाडीत मळमळतं. मळमळायचं मी सहा वर्षांची असताना. शेवटी बाबाच म्हणाले, "बसू दे तिला. वाचता येतं तिला."

आईनं वही माझ्या हातात दिली. हेल्मेटचा पट्टा तिनंच माझ्या हनुवटीखाली आवळला. "एक ओळ कायम पुढे राहा," ती म्हणाली. "आमचा एक म्हणजे सरळ, विसरू नकोस. आणि काहीही झालं तरी गप्प बसू नकोस." मला वाटलं, धंद्यातला सल्ला देतेय. पण तिचे हात गार होते हे मला तेव्हाही जाणवलं होतं आणि मी त्याकडे कानाडोळा केला.

थोरलीचं दार आतून कापडी पट्ट्यानं ओढायचं. पत्रा उघडा, पेट्रोलचा वास, इंजिन सुरू झालं की दात वाजतात. स्टिअरिंगला मदत करणारं यंत्र वगैरे काही नाही. चाकाखाली खडा आला तर तळहाताला कळतं. हेल्मेटमध्ये माइक असल्यानं माझा आवाज थेट बाबांच्या कानात जात होता.

"डावं तीन, पन्नास," मी वाचलं आणि गाडी डावीकडे गेली. "उजवं दोन, लांब. ऐंशी. डावं पाच, कापू नका." मी तुम्हीच म्हणत होते, ते बरोबर वाटत नव्हतं, पण बाबांना तू म्हणायची माझी जीभ वळेना. दोन किलोमीटरनंतर ते विसरायला झालं. मी बोलावं आणि ते घडावं, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. चौघींत ही सगळ्यात हळू, हे घड्याळ सांगतं. घड्याळाला काय कळतंय, असं मला पहिल्यांदा वाटलं. पाठ सीटवर आपटत होती, कान भरले होते, आणि मी जन्मभर ज्यांना नावं ठेवली ते आईबाबा रविवारी घरी का नसायचे हे मला पाचव्या किलोमीटरला समजलं. मला फार आनंद झाला होता. मी वहीतून मान वर केली आणि बाबांचे हात बघत बसले.

नॅव्हिगेटरनं करू नये ती एकच गोष्ट म्हणजे ही. मी परत वहीत बघितलं तेव्हा माझी ओळ हरवली होती.

"कुठे आहोत?" बाबांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. वहीचं पान उलटलं, तर दोन पानं एकदम उलटली.

"बोल," ते म्हणाले. "अगं, बोल ना."

रस्ता त्यांना पाठ होता. चाळीस वर्षं पाठ होता. पण आपण रस्त्यात नेमके कुठे आहोत, हे पाठ करता येत नाही. ते त्यांना दर क्षणी कुणीतरी सांगावं लागत होतं आणि मी गप्प होते. मी वर बघितलं. समोर उजवं वळण होतं, अगदी मागे मुडपणारं, आणि त्याच्या पलीकडे कठड्याची दगडी भिंत.

मी ओरडले, "उजवं एक!"

माझा एक. हल्लीचा एक, सगळ्यात अवघड. आईनं हेल्मेट बांधताना सांगितलेलं सगळं माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. बाबांचा चेहरा सैल झाला. उत्तर मिळाल्यावर होतो तसा. त्यांनी वरचा गिअर टाकला आणि पाय पूर्ण दाबला, समोरच्या भिंतीकडे बघत.

"थांब!" मी किंचाळले. "थांब बाबा, थांब!"

ते थांबले. शब्द कानात पडताच थांबले, का म्हणून विचारायलाही थांबले नाहीत. चाकं अडली, गाडीची मागची बाजू फिरली, आम्ही आडवे घसरत गेलो आणि आतल्या अंगाच्या मातीच्या दरडीवर मागचा कोपरा आदळून उभे राहिलो. इंजिन बंद पडलं. कुठूनतरी माती गळत होती.

मी आधी माझे हात-पाय बघितले, मग त्यांचे. दोघं धड होतो.

"एक म्हणालीस तू," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, एखादी नोंद तपासावी तसं म्हणाले.

"माझा एक, बाबा. आमचा. अवघडातला."

"हं."

"समोर भिंत होती."

"किती लांब?"

"एवढीशी," म्हणून मी हातानं दाखवलं. ते माझ्या हाताकडे बघत नव्हते. माझ्या कानाच्या थोडं पलीकडे बघत होते. वर्षभर ते असंच बघत होते आणि म्हातारपणी माणसाचं लक्ष लागत नाही अशी मी समजूत करून घेतली होती. मी हात खाली घेतला. "नाकापासून दोन हात," मी म्हटलं.

"मग वेळेवर सांगितलंस," बाबा म्हणाले.

फोटोग्राफर, डॉक्टर आणि आई धाकटीत बसून आले. टायरांचा आवाज खालपर्यंत गेला असावा. आईनं आधी बाबांच्या हेल्मेटचा पट्टा सोडवला. डॉक्टरांनी विचारलं, झालं काय? बाबा लगेच म्हणाले, ब्रेकला उशीर झाला, चूक माझी. या धंद्यातली ती रीत आहे. नॅव्हिगेटर चुकला तरी चारचौघांत ड्रायव्हर त्याचं नाव घेत नाही. मी चुकले होते, ते चुकले होते, आणि आई तर किती दिवस चुकत होती कुणास ठाऊक.

बाबा गाडीच्या मागे गेले. चेपलेल्या पत्र्यावरून त्यांनी सावकाश तळहात फिरवला, कडा चाचपली, चाक हलवून बघितलं. मग म्हणाले, काही नाही, नुसता पत्रा आहे, चाक सरळ आहे. हेल्मेट त्यांनी आईच्या दिशेनं पुढे केलं.

"साडेतीन राहिलेत. तू बस, वरपर्यंत नेऊ."

आई त्यांच्या समोर उभी होती, थोरलीच्या उघड्या दाराला एक हात लावून. तिनं हेल्मेट घेतलं नाही.

"अहो," ती म्हणाली, "पुरे झालं."

डॉक्टरांना त्यात काही वाटलं नाही. कुठलीही बायको कुठल्याही नवऱ्याला दिवसातून चारदा म्हणते असं ते वाक्य. पण थोरलीच्या दारात उभं राहून तिनं त्यांना 'अहो' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि बाबांनीही नसावं. मग हेल्मेट त्यांनी बॉनेटवर ठेवलं, खिशातून थोरलीची किल्ली काढली आणि कुणाच्या हातात द्यायची हे न कळून तशीच धरून उभे राहिले. मी पुढे होऊन ती घेतली. हेच करायला मी आले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, तसंही ज्याच्यापासून लपवायचं त्याला ते दिसणार नव्हतं.

गाडी उचलून न्यायला ट्रक यायचा होता. बाबा डॉक्टरांना मधलीच्या इंजिनाबद्दल काही समजावत होते. मी आईला घेऊन कठड्यावर जाऊन बसले आणि रागावले. खूप रागावले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग जे होतं ते सांगितलं. सुरुवात होऊन पाच वर्षं उलटली होती, मग वाढतच गेलं. डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडेकडेनं थोडं दिसायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं आणि ते तिनं आणि बाबांनी दोघांतच ठेवलं. मागच्या वेळी लायसन्सच्या तपासणीला ती रांगेत त्यांच्या पुढे उभी राहिली, तक्त्यावरची अक्षरं पाठ केली आणि बाकावर बसून त्यांच्याकडून घोकून घेतली. साहेबांनी शेवटून तिसरी ओळ विचारली, ती बाबांनी घडाघडा म्हटली. हे सांगताना आईला हसू आलं. मला आलं नाही.

"कुणीतरी मेलं असतं, आई. रस्त्यावरचं कुणीतरी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "रोज घरी पोचलो की आधी गाडीभोवती फिरून बघायचे, कुठे काही लागलंय का."

"मग का?"

खाली रस्त्यावर फोटोग्राफर आमच्या टायरांच्या काळ्या खुणांचे फोटो काढत होता.

"घरात दोन दोन दिवस बोलत नाहीत ते माझ्याशी," ती म्हणाली. "भांडण नाही गं, नसतंच काही बोलायला. गाडीत बसलं की माझ्या एकेका शब्दाकडे कान असतो त्यांचा. मी म्हणेन ते ऐकतात. लग्न झाल्यापासून आमचं सगळं बोलणं तेवढंच आहे. ते सोडवेना मला."

मी तिचा हात धरला. तो अजून गारच होता.

ट्रक आला, थोरली त्याच्या पाठीवर चढली. वर चढवताना बाबा साखळीच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते. मधली आणि तिसरी आपापल्या वाटेनं गेल्या. आम्ही तिघं धाकटीतून निघालो, स्टिअरिंगवर मी. आई पुढे माझ्या शेजारी बसेल असं मला वाटलं होतं. ती मागे बाबांच्या शेजारी बसली.

उतार लागला. मी गाडीचा तो खोटा आवाज बंद केला. बाबा हात मांडीवर पालथे टाकून बसले होते. आरशात बघितलं तर कुणीतरी परक्या घरी बसवून ठेवल्यासारखे दिसले. पहिली तीन वळणं अशीच गेली.

मग मागून आईचा आवाज आला, हळू. "डावं चार. सोड."

मी डावीकडे वळवली.

"साठ. उजवं तीन, आवळतं. धीर धर. हां, आता दाब."

"आई," मी म्हटलं, "मला दिसतंय सगळं."

"तुला नाही सांगत मी," आई म्हणाली.

मी आरशात बघितलं. बाबांनी डोळे मिटले होते. त्यांचा उजवा पाय हलला. सीटच्या पाठीतून तो माझ्या कमरेला जाणवला.

आई पुढचं वळण सांगू लागली, पण ती सांगेपर्यंत मी वळणात शिरलेही होते. त्याच्यानंतरचंही तसंच झालं. माझ्या वेगाला तिचे शब्द पुरत नव्हते, आणि शब्द वळणाच्या आधी पोचला नाही तर त्याचा काही उपयोग नसतो. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी तिच्या शब्दांच्या मागे जाईल इतकी हळू केली.